बैलांचं चित्र आणि गॅसबत्ती

हरसिंग,

तुझी खबर आली तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात एका म्हातारीला सांगत होतो, की मावशे, अगदी असंच लुगडं नेसून राणी देवीच्या दर्शनाला गेली होती. कोणती राणी, कोणती देवी, मलाही ठाऊक नव्हतं. म्हातारी विचारणार, तेवढ्यात तुझ्या तांड्यावरचा लालू पालात वाकून आत आला आणि म्हणाला, "शेठ, हरसिंग गेला." मी लुगड्याची घडी मोडता मोडता म्हणालो, "त्या बैलांच्या चित्रामागं गेला की काय? म्हणावं, एकटा जाऊ नको, भाड्याला पैसे लागतील." लालू हसला नाही. त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

म्हातारीला माझ्या आधी कळलं. तिनं लुगडं माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतःच घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाली, "जाय बाबा. लुगडं कुटं पळून चाललं?"

मी तोंडावर जगणारा माणूस. कापडाचं गाठोडं बैलगाडीत टाकून आज कळमनुरी, उद्या आखाडा बाळापूर, परवा औंढा, असं बाजार बाजार करत बोलत सुटायचं, हाच माझा धंदा. तूच म्हणायचास, "दिगू शेठ मेला तरी त्याची जीभ दोन बाजार करून मग थांबंल." त्या दिवशी कळमनुरीहून तुझ्या तांड्यापर्यंत मी लालूशी एक शब्द बोललो नाही. तो बिचारा घाबरला. त्यानं मला मधेच विचारलं, "शेठ, पाणी पेता का?" त्याला वाटलं, मीही चाललो.

लोक आता मला विचारतात, एका कापडवाल्याची आणि एका लमाणाची इतकी गट्टी कशावर जमली होती. मी सांगतो, कागदावर. ते समजतात, मी थट्टा करतोय. थट्टा नाही. मिलच्या कापडाच्या प्रत्येक थानावर एक रंगीत चित्र चिकटवलेलं यायचं. कशावर कृष्ण, कशावर वाघ, कशावर झोक्यावर बसलेली बाई, कशावर आगगाडी. दुकानदार थान फाडायचा, चित्र धुळीत पडायचं. पहिल्यांदा तू माझ्या पालाशी आलास तेव्हा कापड घ्यायला आला नव्हतास. तू खाली वाकून माझ्या गाडीच्या चाकाजवळचा मोर उचललास, फुंकर मारलीस आणि विचारलंस, "शेठ, ह्याचे किती?" मी म्हणालो, "त्याचे काही न्हाई, त्यो कचरा हाय." तू मोर पटक्यात खोवलास आणि म्हणालास, "मग तुजा कचरा मला देत जाय."

पुढच्या बाजाराला मी तुझ्यासाठी तीन चित्रं जपून ठेवली होती. का ठेवली, ते मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं माझं बोलणं सोडून दुसरं काहीतरी मागितलं होतं, म्हणून असेल.

मग आपण त्याची बटई केली. शेत जसं अर्धेलीनं करतात तशी. चित्र मी आणायचं, सोडवायचं तू, साठा आपल्या दोघांचा. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत पेटी एक साल तुझ्याकडं, एक साल माझ्याकडं. सालगड्याचं साल जसं बदलतं तसं चित्रांचं साल बदलायचं. तुझ्या सालात ती नेटकी राहायची. माझ्या सालात उंदीर व्हायचे. तू पेटी उघडून म्हणायचास, "शेठ, तुज्या घरी चित्रायला बी उपास पडतो."

आणि सोडवणं! मी ओलं फडकं लावून ओढायचो आणि वाघाचं शेपूट थानावरच राहायचं. तू जमनीवहिनीच्या चुलीपुढं बसायचास. कण्यांचं मडकं उकळत असायचं. त्याच्या वाफेवर तू कापडाचा तुकडा धरायचास, बोटानं कड चाचपायचास आणि चित्र असं सुटून यायचं, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून पांघरूण काढावं. तोवर कण्या खाली लागायच्या. वहिनी ओरडायची, "त्या बाईचं तोंड धुणं झालं आसंल तर पोरायला वाढू का?" तू चित्र उजेडाकडं धरून म्हणायचास, "वाढ. आन् हिला बी वाढ. दोन म्हैने थानावर उपाशी हाय."

त्या हळदीची गोष्ट मी औंढ्याच्या बाजारात किती वेळा सांगितली असेल! तुझ्या सालात कसर लागली. तू शेतकरी माणूस. तुझ्याकडं कसरीवर एकच औषध. घरची हळद घेतलीस आणि पेटीतल्या एकूण एक चित्राला चोळलीस. मी पेटी उघडली तर कृष्ण पिवळा, वाघ पिवळा, आगगाडी पिवळी, गोऱ्या मडमेला कावीळ झालेली. मी डोक्याला हात लावला. तू शांतपणे म्हणालास, "पन कसर गेली ना?" औंढ्याच्या जत्रेत लोक आपली चित्रं बघायला जमलेले, मी काय करणार? उभा राहिलो आणि ओरडलो, "या मंडळी या! आज सगळे देव हळदीला बसलेत! उद्या लग्नं! बघून घ्या, उद्या ही मंडळी सासरी जाणार!" बायकांनी पदरातले तांदूळ टाकले रे चित्रांवर. एका म्हातारीनं मडमेची दृष्ट काढली. तू माझ्याकडं बघत होतास. नेहमी बघायचास तसा. ओठ न हलवता हसत.

ती जत्रा आपली होती. औंढ्याला महाशिवरात्रीला लोक नागनाथाचं दर्शन घेऊन यायचे आणि मग एक पैसा देऊन आपली चित्रं बघायचे. तू एकेक चित्र दोन्ही हातांनी कडेला धरून वर करायचास, मी त्याची गोष्ट सांगायचो. कुत्रं घेतलेल्या मडमेला मी कळमनुरीच्या तहसीलदाराची सासू करून टाकलं होतं. "आणि कुत्रं कोणाचं? जावयाचं! जावई आला की कुत्रं भुंकतं, सासू भुंकत नाही!" तहसीलदाराचा शिपाईच सगळ्यात जोरात हसायचा. संध्याकाळी सामान आवरताना तू म्हणायचास, "त्या बाईला काहून बदनाम करून राहिला शेठ? तिच्या डोळ्याकडं बघ. रडून आलेली हाय ती." मी बघायचो. खरंच, तिच्या डोळ्यांखाली चित्रकारानं एक बारीक रेघ ओढलेली होती. दहा वर्षं मी तिच्यावर लोकांना हसवलं आणि ती रेघ तू दाखवलीस तेव्हा दिसली.

मी खोटं सांगायला लागलो की तुला लगेच कळायचं. शेकडो माणसं माझ्या तोंडाकडं बघत, मान डोलवत. तू चित्रामागून माझ्याकडं बघायचास आणि भुवई उचलायचास. क्वचित मी खरं बोललो तर भुवई जागेवर असायची. मला स्वतःला कळत नसे तेव्हाही तुझ्या भुवईवरून कळायचं, की दिगू, हे तुझं खरं आहे.

आता त्या बैलांकडं येतो. टाळून टाळून किती टाळू?

तुझं सगळं जमवणं त्या एका चित्रासाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं. कयाधूच्या पात्रात आपण गाडी थांबवून बैलांना पाणी दाखवत होतो, तेव्हा तू सांगितलंस. तू लहान होतास. तुझी आजी फेटियासाठी, म्हणजे तिच्या घागऱ्यासाठी, लाल कापड घ्यायला आजाबरोबर बाजारात गेली होती, तूही मागं होतास. दुकानदारानं थान पुढं टाकलं. त्यावर चित्र होतं, पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांची रांग. पुढच्या बैलाच्या शिंगांत मोरपिसं, कपाळावर आरसा. मागं एक लमाण बाई, कडेवर लेकरू. तुझा आजा शेवटची लदेणी केलेला माणूस. त्याच्या बैलांनी मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या कुठून कुठून वाहिल्या, मग आगगाडी आली आणि तांडे जिथं होते तिथं बसले. त्यानं चित्रावर हात ठेवला आणि तुला म्हणाला, "हे ज्यानं काढलं, त्यानं आपल्याला बगितलंय."

दुकानदारानं चित्र दिलं नाही. थान पुरतं विकल्याशिवाय ते काढत नाहीत, म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आजा मेला. बैलं त्याच्या आधीच गेली व्हती." तू पाण्याकडं बघत होतास. "आता कोनाला सांगाव आमी काय व्हतो, तर हसतात. पाटील म्हंतो, तुमी इथं कवा आले, कुठून आले, कोनाला मालूम? त्या चित्रात लिहिलेलं हाय शेठ, आमी कुठून आलो."

मी त्यावर काय बोललो? मी म्हणालो, "मी थानं उलगडून म्हातारा व्हायला आलो. मला कसं न्हाई दिसलं?"

तू म्हणालास, "तू थान उलगडतो आन् गिऱ्हाइकाचं तोंड बघतो. चित्र कवा बघतो?"

तिथून आपलं भांडण लागलं ते लागलं. असं चित्र नाही, हे माझं म्हणणं. आहे, हे तुझं. माझ्या बाजूला अख्खा बाजार होता. मी ज्या दुकानदाराला विचारलं तो म्हणाला, बैल? थानावर बैल कोण लावतो? तुझ्या बाजूला तू एकटा होतास. तरी भांडण बरोबरीत चालायचं.

यंदाच्या जत्रेनं सगळं पेटवलं. लढाई संपून फौजेतून सुटलेली पोरं खिशात पैसे घेऊन आली होती. त्यांना सगळं बघायचं होतं, दोन दोन वेळा बघायचं होतं. कापड तर कंट्रोलवर, दुकानात लंगोटाला तुकडा मिळेना, नवी चित्रं येणं तर कधीच बंद झालं होतं. त्यामुळं आपली जुनी चित्रं बघायला गर्दी उसळली. जत्रा उठली तेव्हा बैलांचा कडबा, आपली भाकरी, तंबाखू, सगळं वजा जाऊन निजामाचे चाळीसच्या वर हाली रुपये उरले. आपल्या बटईत कधी आण्यांच्या वर काही उरलं नव्हतं. चित्रांचा पैसा चित्रांवरच घालायचा, हा आपला नेम. पण इतका पैसा घालायचा कशावर?

"गॅसबत्ती," मी म्हणालो. मी आधीच ठरवून बसलो होतो. "गॅसबत्ती आन् चित्रायला काचा. मागच्या लोकायला दिसत न्हाई. सांज झाली का आपला खेळ बंद. बत्ती आली तर दिवसभर दर्शन, रातभर आपन. पुढल्या साली दुप्पट पैसा."

"हैद्राबाद," तू म्हणालास.

"हैद्राबादेत काय हाय?"

"कापडाचा मोठा बाजार हाय. जुन्या वखारी हायेत. बैलं तिथं असतील."

"आरं, चाळीस रुपये भाड्यात आन् चहात जातील! आन् न्हाई सापडलं तर?"

"तर न्हाई सापडलं."

"बत्ती डोळ्यायला दिसती, हरसिंग. तुजे बैल कोनाला दिसले?"

"मला," तू म्हणालास.

जमनीवहिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दोघं मिळून एक शेळी घ्या. चित्रायवानी उभी राहील, वरून दूध बी देईल."

आपण दोघंही एकदम तिच्यावर ओरडलो. त्या एका गोष्टीवर आपलं एकमत होतं. ती हसून म्हणाली, "बरं बाबा. मग रडा." पैसे फडक्यात बांधून तुझ्याकडं ठेवले, कारण साल तुझं होतं. पाडव्याला पेटी माझ्याकडं येईल तेव्हा ठरवू, असं ठरलं. मी निघताना गाडीवरून ओरडलो, "बत्ती!" तू दारातून ओरडलास, "बैलं!" तांड्यातली कुत्री भुंकायला लागली.

हे आपलं शेवटचं बोलणं. एक बत्ती आणि एक बैलं. लोक मरताना काय काय बोलून जातात, पुढच्यांना पुरेल एवढं ठेवून जातात. आपण दोन फेरीवाल्यांसारखे एकमेकांवर ओरडून मोकळे झालो.

तुला ताप चढला, तो उतरला नाही. मला कुणी कळवलं नाही, कारण तूच नको म्हणालास. "शेठचा बाजार बुडंल," म्हणालास म्हणे. अरे, बाजार! या कंट्रोलच्या दिवसांत माझ्या पालात होतं काय बुडायला?

होळीला तुमच्या तांड्यात गाणी झाली नाहीत. मी त्या दिवशी आलो होतो. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, होळी नुसती जळत होती. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं. हीच तर माझी जागा. दुःखात सगळ्यांना हसवणारा दिगू शेठ. मी तोंड उघडलं, समोर पाहिलं, चित्र धरणारं कुणी नव्हतं. मी तोंड मिटलं.

पाडव्याला गेलो, पेटी घ्यायला. साल बदलायचं होतं, ते बदलायलाच हवं. जमनीवहिनीनं पेटी अंगणात आणून ठेवली आणि फडक्यात बांधलेले पैसे तिच्यावर ठेवले.

"मोजून घ्या, शेठ."

"मोजायचे काय त्यात?"

"त्यायनं सांगितलंय तुमाला सांगायला." ती माझ्याकडं बघत नव्हती. "म्हन्ले, शेठला म्हनाव, बत्ती घे."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं. "बत्ती घे म्हनाव. शेठ बराबर म्हंत व्हता."

हरसिंग, तू हे काय केलंस?

इतकी वर्षं तू एक पाऊल मागं सरला नाहीस. उन्हात, पावसात, गाडीखाली, गाडीवर, माझ्या प्रत्येक कोटीला "हाय" एवढं एक उत्तर देत राहिलास. अख्ख्या बाजाराला जे जमलं नाही ते एका तापानं करून घेतलं? तुला काय वाटलं, मी खूश होईन? मी त्या अंगणात उभा होतो आणि मला असं वाटत होतं, की इतकी वर्षं ज्या भिंतीला टेकून बसलो होतो ती कुणीतरी मागून काढून नेली. मला जिंकायचं नव्हतं रे. मला भांडायचं होतं. पुढल्या पाडव्याला भांडायचं होतं, त्याच्या पुढल्याला भांडायचं होतं. तू बैलं मागत होतास तोवर बैलं कुठंतरी चालत होती. तू मागणं सोडलंस, त्या दिवशी ती थांबली असतील. हे तुला कळलं होतं का? कळूनच सोडलंस का? रात्रंदिवस अंग भाजत पडलेला माणूस मनातली बैलं कशी सोडून देतो, ते मला कुणीतरी सांगा.

मी बत्ती घेतली नाही. तुझं न ऐकण्याची मला सवय आहे. पैसे घेतले, हिंगोलीला आगगाडीत बसलो, पूर्णेला बदललो आणि हैद्राबादेला उतरलो.

तुझ्या त्या कापडाच्या बाजाराबद्दल सांगतो. अर्धी दुकानं बंद होती, उरलेल्यांपुढं रेशनच्या रांगा. मी विचारायला लागलो की लोकांना वाटायचं, चोरून कापड मागायला आलोय. मी म्हणायचो, कापड नको, चित्र हवंय. मग त्यांना वाटायचं, डोकं फिरलंय. दोन दिवस मी दारोदार हिंडलो. मी! ज्यानं तुला सांगितलं होतं की चाळीस रुपये भाड्यात आणि चहात जातील. चहात बरेच गेले, हेही तुला सांगून टाकतो.

तिसऱ्या दिवशी एका जुन्या वखारीच्या पायरीवर एक म्हातारा बसलेला दिसला. दाढी पांढरी, बोटांची टोकं घासून गुळगुळीत. वखारवाला म्हणाला, हे चाचा जवान असल्यापासून इथं थानांवर चित्रं चिकटवत होते, आता डोळे गेले, पण सवयीनं येऊन बसतात. मी शेजारी बसलो. बैल, लमाण, आरसा, मोरपीस, यातलं काही बोललो नाही. मी काय बाजारातला कच्चा माणूस आहे? एवढंच विचारलं, "चाचा, लाल कपड्यावर चित्रांचे कोणकोणते मार्के यायचे?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. गणपती. दोन हरणं. परी. मग बोट थांबलं. "और बैलां का. गोन्यां लदे हुए बैलां. आगे वाले के सींगां में मोर के परां."

मी पायरीवर त्यांच्याजवळ सरकलो.

"और पीछे एक लम्बाडन," ते म्हणाले, "कमर पे बच्चा ले को."

"कुठं गेला तो मार्का?"

"बंद कर दिए. चलताच नई था." त्यांनी हात झटकले. "लोगां भगवान मंगते थे, परी मंगते थे. बैलां कौन देखता, मियाँ? बचे सो कागजां चूल्हे में डाल दिए."

होतं, हरसिंग. तुझं चित्र होतं. तुझा आजा खोटं बोलला नव्हता, तू खोटं बोलला नव्हतास, कुणीतरी खरंच तुम्हाला पाहिलं होतं, बसून, रंग कालवून, लेकरासकट काढलं होतं. आणि कुणी बघेना, म्हणून जाळून टाकलं.

मी त्या पायरीवर बसून काय केलं ते सांगत नाही. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुमारा कौन था?" मला वाटतं, त्यांनी चित्राबद्दल विचारलं नव्हतं.

परत येताना गाडीत मी सगळा वेळ तुला सांगत होतो. कसं सांगायचं, ते घोळत होतो. तू चिलीम भरताना सांगू की गाडी हाकताना सांगू. आधी दोन दिवसांचे हाल सांगून तुला निराश करू, मग हळूच म्हाताऱ्याची पायरी आणू, मग बोटं मोजायला लावू. गणपती, हरणं, परी, आणि मग थांबायचं. तुझी भुवई जागेवर राहील, ती बघायची. पूर्णेच्या फलाटावर उतरलो आणि आठवलं, की ऐकणारा नाही. हे मी रोज विसरतो. रोज नव्यानं कुणीतरी पालात वाकून येतं आणि मला खबर देतं.

मग सरळ तांड्यावर गेलो. निदान एक माणूस होतं, ज्याला हे सांगायलाच हवं होतं.

जमनीवहिनी अंगणात जोंधळे पाखडत होती. मी पैशांचं फडकं तिच्यापुढं ठेवलं. बत्तीपुरते पैसे अजून शिल्लक होते.

"सापडलं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"न्हाईच सापडनार. नसलेलं कुठून सापडंल?" सूप चालूच होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "लगीन होऊन आले तवापासून ऐकून राहिले. बैलं, बैलं. मी बी हसायची त्यायला."

"वहिनी, चित्र व्हतं."

सूप थांबलं.

मी सांगितलं. तुझी शपथ, मी काहीही मीठमसाला लावला नाही. वखार, पायरी, चाचा, बोटं. मोरपिसं त्यांनी आपणहून सांगितली, हे सांगितलं. बाई सांगितली. कडेवरचं लेकरू सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, जत्रेतल्या बायका बघतात तशी. मी संपवलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"लई चांगलं सांगितलं, शेठ," ती म्हणाली. "ते आसते तर खूश झाले आसते."

"आवो, सांगितलं म्हंजे? खरं हाय ते! त्यो म्हातारा अजून पायरीवर बसलेला हाय!"

"मला बरं वाटाव म्हून बोलून राहिले तुमी. मला समजतं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आवो, त्या मडमेला तुमी तहसीलदाराची सासू केली व्हती. मी इस्वास ठेवला व्हता, म्हाईत हाय? धा दिवस. मंग ह्यायनं सांगितलं, शेठ आसंच बोलतो."

"वहिनी, लेकराची शप्पथ..."

"शप्पथ नका घेऊ. शप्पथ बी तुमी लई चांगली घेता."

मी आणखी सांगायला लागलो. वखारीचं दार कसं होतं, चाचांची बोटं कशी घासलेली होती, ते हात कसे झटकत होते. जितकं जास्त सांगत गेलो तितकं ते गोष्टीसारखं होत गेलं. माझ्याच कानांना ऐकू येत होतं. आवाज तोच, हात तसेच हलणारे, थांबायच्या जागा त्याच. इतक्या वर्षांत एकदा खरं हातात आलं होतं, ते सांगायला माझ्याकडं दुसरं तोंड नव्हतं. एका माणसाला फरक कळला असता. तो भुवई न हलवता नुसता बसला असता आणि तेवढ्यावर तिनं विश्वास ठेवला असता.

ती तुला अजूनही हसते, हरसिंग. प्रेमानं हसते. मला वाटतं, मरेपर्यंत हसेल. म्हणेल, माझा मालक भला होता, पण बैलांचं येड होतं त्याला.

तिनं पैशांचं फडकं उचललं, माझ्या हातात दिलं आणि माझी बोटं त्यावर मिटली.

"बत्ती घ्या, शेठ. त्यायनं सांगितलंय. घेनार ना?"

मला बत्ती घ्यायची नव्हती. मला आता कोणतंही चित्र कुणालाही दाखवायचं नव्हतं.

"घेतो," मी म्हणालो.

ते मात्र तिला लगेच खरं वाटलं.